घरोघरचे रिकामे डबे

९ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद. फोनच करणार होते, पण तुमच्या कानांचं आणि फोनचं जमत नाही. मागच्या खेपेला मी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं आणि तुम्ही 'अभिनंदन' म्हणालात. त्यापेक्षा पत्र बरं. बस तुमच्या दारावरूनच जाते, कंडक्टर आणून देईल.

बातमी अशी, की आमच्या गावातलं एकुलतं एक दुकान बंद झालं. शेठ गेले मुलीकडे राहायला. शेठ आपलं म्हणायला, नाहीतर शेठपणाचं त्यांच्यापाशी काही नव्हतं. गुडघ्यांनी दगा दिला, पोती उचलवेनात, शेवटी एका सकाळी शटर ओढलं आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. दुकान माझ्या घराजवळ म्हणून किल्ली माझ्याकडे, एवढंच.

आता गावात विकत काही मिळण्याची जागा म्हणजे पेट्रोल पंप. तिथे बिस्किटं, वेफर्स, थंड पेयं आणि पाकिटातल्या शेवया. भाजी, डाळ, अंडी हवी तर हमरस्त्यावरचं मोठं स्टोअर गाठायचं. बस आठवड्यातून दोनदा. ती तिथून लगेच परत फिरते, नाहीतर मग थेट संध्याकाळी. लगेचच्या बसने यायचं तर माझ्यासारखीला नुसती ट्रॉली सोडवण्यातच वेळ जातो, आणि संध्याकाळची धरायची तर दिवसभर स्टोअरच्या पायरीवर बसून राहायचं. ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांना काही फरक पडलेला नाही.

गंमत म्हणजे चारी बाजूंनी शेतंच शेतं आहेत. पण सगळा मका, तोही स्टार्चच्या कारखान्याचा. खायला पान मिळेल तर शपथ.

तुमचा पुतण्या, म्हणजे माझा लेक, म्हणतो, इथे शहरात ये, आमच्याजवळ राहा. मी म्हटलं, तुझ्या फ्लॅटमध्ये माझं शिवणाचं मशीन कुठे मावणार? माझी काळजी नको. माझं उत्तम चाललंय.

वहिनी

१७ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र वाचून आश्चर्य मुळीच वाटलं नाही. दुकान कसं मरतं ते दुकानदाराला विचारा. गाडीवाले मोठं सामान मोठ्या स्टोअरमधून आणतात आणि गावातल्या दुकानात येतात ते काडेपेटी संपली, मीठ संपलं म्हणून. काडेपेटीवर दुकान चालत नाही. शेठ गुडघ्यांनी गेले असतील असं मला वाटत नाही.

सोबत कंडक्टरकडे पिशवी दिली आहे. तांदूळ, दोन प्रकारच्या डाळी, कांदे, बटाटे, थोडे टोमॅटो. टोमॅटो वर ठेवायला सांगितलेत, पण तो सीटखाली ढकलणार. दर पंधरवड्याला पाठवत जाईन. माझ्या दुकानातलाच माल आहे, परका समजू नका. दुकानाचं ठीक आहे. गर्दी असते, दुपारी जेवायलासुद्धा उठता येत नाही.

गुडघ्याला काय झालं?

तुमचा दीर

२ मार्च

भाऊजी,

पिशवी पोहोचली. टोमॅटोंचा सॉस झाला होता, तोही चांगला लागला. कंडक्टरला बोलले, तर म्हणतो, 'काकू, मी बस चालवू का टोमॅटो सांभाळू?' बस ड्रायव्हर चालवतो हे त्याला कुणी सांगायचं.

तुम्हाला एक सांगू? गावात कोण काय खातंय हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. माझ्याकडे कपडे येतात ना. शाळेतली पोरं सगळी कंबर सैल करून घ्यायला येतात. पंपावरच्या वेफर्सनी आणि थंड पेयांनी पोटं सुटलीत, आणि पायांच्या मात्र काड्या. म्हातारी माणसं येतात ती शिवण आत घ्यायला. समोरच्या निवृत्त पोस्टमनांची पॅन्ट मी दोनदा आवळली. तिसऱ्यांदा म्हटलं, आता कापड कापावं लागेल, नाहीतर दोन्ही खिसे मागे येऊन भेटतील. ते हसले. मग म्हणाले, रात्री दूध-बिस्किट खातो, हलकं पडतं. सकाळचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. इथे कुणी कुणाला विचारत नाही. लाज वाटते. मक्याच्या समुद्रात बसून उपाशी आहोत असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मी परवा बसल्याबसल्या माझ्याच ब्लाउजांना आत टीप घातली. मशीनला तेल घातलं होतं, म्हटलं चालवून बघू.

आणि एक विचारायचं होतं. तुमची पुडी म्हणजे कागदाची, वर दोऱ्याचे दोन वेढे आणि गाठ अशी की ओढली की सुटते. लग्न होऊन आले तेव्हा ती गाठ शिकायला मी तुमच्या गल्ल्याशेजारी उभी राहिले होते आणि तुमचे दादा हसत होते. या वेळी सगळं कारखान्याच्या सीलबंद पाकिटांत आलं. दोरा कुठे गेला?

वहिनी

८ मार्च

वहिनी,

दोऱ्याचं असं आहे, की हल्ली गिऱ्हाईक थांबत नाही. सीलबंद पाकीट पुढे केलं की काम होतं. काळानुसार बदलावं लागतं.

तुम्ही माझा दोरा काढलात, पण ब्लाउजांचं एका ओळीत उरकलंत. तेल घालून बघायला चिंधी पुरते. सगळ्या ब्लाउजांना टीप घालावी लागली याचा अर्थ मला कळतो. मी तोलूनमापून जन्म काढला आहे. तुम्ही जेवता का? काय जेवता? पोस्टमनांचं ज्या बारकाईने लिहिलंत त्याच बारकाईने स्वतःचं लिहा.

पिशवी पाठवली आहे. या वेळी अंडीही आहेत. ती कंडक्टरच्या मांडीवर ठेवायला लावलीत.

तुमचा दीर

२९ मार्च

भाऊजी,

उशीर झाला. मशीनवर बसले असताना चक्कर आली आणि पडले. फार काही नाही, कपाळाला दोन टाके. शेजारची माणसं होतीच. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मला झापलं. रक्तात लोह नाही, साखर खाली गेलेली. 'आजी, खाता काय?' तेव्हा खरं सांगावं लागलं.

तुम्हालाही सांगते, नाहीतर पुन्हा विचाराल. तुमच्या पिशवीतला निम्मा माल मी पोस्टमनांना आणि पलीकडच्या बाळंतिणीला देते. तिच्या नवऱ्याची पाळी रात्रीची, दिवसा तो झोपतो आणि गाडी नादुरुस्त. तिच्यापुढे मी कशी खाणार? उरलेलं चार-पाच दिवस जातं. मग भात. मग चहात बिस्किट बुडवायचं. चहा गोड असतो, पोट भरल्यासारखं वाटतं. हे लिहिताना मलाच लाज वाटतेय, पण आहे ते आहे.

पुतण्या दुसऱ्या दिवशी धावत आला. रागावला नाही, रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. माझ्या स्वयंपाकघरातले डबे एकेक उघडून बघितले आणि खुर्चीवर बसून राहिला. मग म्हणाला, मुलांच्या परीक्षा झाल्या की मे महिन्यात मी तुला न्यायला येतो. तोवर इथे ताजं अन्न चालत जाऊन मिळायची सोय झाली तर तुझं तू बघ. नाही झाली तर घर बंद करायचं. मी हो म्हटलं. मशीन माळ्यावर ठेवायचं ठरलंय.

आता तुमचं. डाळीच्या पाकिटाच्या बुडाशी चिकटलेली चिठ्ठी काढायची राहिली होती. त्यावर एका मोठ्या स्टोअरचं नाव आहे. तुमच्या दुकानाशेजारी उघडलेलं, तेच ना? दुकान बंद केलंत ना, भाऊजी?

वहिनी

५ एप्रिल

वहिनी,

होय. दिवाणखान्यात माल ठेवून काही दिवस विकला, मग तेही थांबवलं. दुकानाच्या जागेत आता एक पोरगा मोबाइलची कव्हरं विकतो. त्याच्याकडे खरोखर गर्दी असते. मी वरच्या खोलीत बसतो आणि खाली शटरचा आवाज झाला की उठून उभा राहतो. जुनी सवय आहे. कानांना बाकी काही ऐकू येत नाही, तेवढं येतं.

तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं की तुम्ही पिशवी घेतली नसती. शिवाय सांगायला शरम वाटली. दादा गेल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की वहिनींना काही कमी पडू देणार नाही. आणि मी स्टोअरच्या रांगेत ट्रॉली घेऊन उभा! तिथली मुलगी मला म्हणते, 'आजोबा, बारकोड वर करा.'

असो. तुम्ही पुतण्याकडे जा. तो शहाणा आहे. तुमचा जीव त्या घरापेक्षा मोठा आहे. मशीनचं मी त्याच्याशी बोलतो, गॅलरीत मावेल.

तुमचा दीर

११ एप्रिल

भाऊजी,

तुम्हीपण? मला वाटलं होतं निदान एक माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल.

गॅलरीत मशीन मावेल. आणि मी? तिथे सगळे सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. सूनबाई लाघवी आहे, जेवण झाकून ठेवून जाते. ते झाकण काढायचं, खायचं आणि परत टीव्ही. मागच्या वेळी महिनाभर राहिले तेव्हा लिफ्टमधल्या बाईने मला विचारलं, कुणाकडे कामाला आहात? इथे मला अख्खं गाव कंबरेपासून ओळखतं.

तुम्ही दुकानदार आहात आणि तुमच्याकडे दुकान नाही. माझ्याकडे दुकान आहे आणि दुकानदार नाही. किल्ली माझ्या मशीनच्या खणात आहे. मी परवा शटर वर केलं. फळ्या धड आहेत, काटा आहे, मागे झोपायची खोली आहे आणि नळाला पाणी येतं. शेठना फोन केला. ते म्हणाले, कुणी उघडत असेल तर भाडं नको, उंदीर तरी कमी होतील.

मग घोडं अडलं कुठे? या.

वहिनी

१८ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी हो म्हणावं असं फार वाटतं, म्हणूनच सांभाळून लिहितो.

मी एकदा दुकान बुडवलं आहे. दुसऱ्यांदा बुडवायचं माझं वय नाही. लोक तुम्हाला सांगतील, हो हो, उघडा, बरं होईल. तोंडदेखलं हो मला नको. उघडलं की पहिल्या आठवड्यात सगळे येतील, चहा पितील, आणि दुसऱ्या आठवड्यात गाड्या काढून हमरस्त्याला जातील. माझ्याकडे परत काडेपेटी. ताजी भाजी ठेवायची तर ती रोज खपली पाहिजे, नाहीतर रोज फेकावी लागते. खपायला गिऱ्हाईक नेमाचं लागतं.

आमच्याकडे पूर्वी एक पद्धत होती. ज्याला महिन्याचं सामान आमच्याकडून घ्यायचं असेल तो आपले घरचे डबे दुकानात आणून ठेवायचा. तांदळाचा, पिठाचा, डाळीचा. त्यावर खिळ्याने घराची खूण केलेली असायची. महिना सुरू झाला की आम्ही डबे भरून ठेवायचो. ज्याचे डबे आमच्या फळीवर, तो आमचा. कुणी दुसरीकडून आणायचं म्हटलं तरी आणून ठेवणार कशात?

तेव्हा माझी अट एवढीच. ज्याला खरंच दुकान हवं आहे त्याने आपले रिकामे डबे माझ्याकडे पाठवावेत. माल मी इथल्या ठोक बाजारातून भरून आणीन. डबे पुरेसे आले तर मी येतो. नाही आले तर तुम्ही पुतण्याकडे जाल, आणि मग यापुढे मला काही बोलायचं नाही.

तुमचा दीर

९ मे

भाऊजी,

कसले कठीण आहात तुम्ही! शब्द मागितला असता तर एका दुपारी गाव फिरून आले असते. डबा म्हणजे घरातल्या बाईचा जीव. पहिल्या दिवशी एकीनेही दिला नाही.

पोस्टमनांनी सुरुवात केली. त्यांनी पिठाचा डबा आणला आणि माझ्या ओट्यावर उलटा केला. आत काही नव्हतं. आजूबाजूच्या बायका माप द्यायला बसल्या होत्या. मग बाळंतीण उठून गेली आणि तिचे दोन घेऊन आली. म्हणाली, माझेही तसेच आहेत. त्यानंतर काय झालं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत ओटा भरला. इतके दिवस प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच घर तेवढं रिकामं आहे.

गाडीवाले अजून अडून बसलेत. त्यातल्या एकाच्या बायकोने नवऱ्याच्या नकळत साखरेचा डबा आणून दिला, कारण रविवारची अर्धी सुट्टी ट्रॉली ढकलण्यात जाते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून पंपवाल्याने धमकी देऊन बघितली आणि मग चहाचा डबा दिला. एका डब्यात किडे आहेत, तो उन्हात ठेवा.

उद्याच्या आणि त्यापुढच्या बसने पाठवते. मागची पूर्ण सीट मी कंडक्टरकडून अडवून घेतली आहे. पुतण्याने पंचवीस तारखेचा टेम्पो ठरवलाय. मी भांडीकुंडी बांधायला घेतली. काही सांगता येत नाही.

वहिनी

१६ मे

वहिनी,

डबे पोहोचले. कंडक्टर म्हणाला, काका, दोन फेऱ्यांत प्रवासी कमी आणि डबे जास्त बसले होते. जिन्यात, पलंगाखाली, खिडकीत, जिथे बघावं तिथे डबे. मोबाइलवाला पोरगा वर येऊन बघून गेला. त्याला वाटलं मी भंगारचा धंदा काढला.

मी रात्री सगळे घासून पुसून लावले. प्रत्येकावर तुमच्या हातची शिवलेली कापडाची पट्टी बांधलेली आहे आणि त्यावर घराची खूण. पोस्टमनांना पत्र, बाळंतिणीला पाळणा, पंपवाल्याला नळी. हसू आलं. संख्या मी मागितली असती त्यापेक्षा जास्त आहे. माझी अट पुरी झाली.

मग तुमचा डबा शोधला. सगळे पुन्हा खाली काढले. मशीनचं चित्र असेल असं धरून चाललो होतो. नाही सापडला.

म्हणजे तुमचं जायचं ठरलं. टेम्पो येतोय. तुम्ही दुसऱ्यांची सोय लावून निघालात, तुमचा स्वभावच तो. मी येणार, शब्द दिला आहे. पण खरं लिहितो, वहिनी, तुम्ही तिथे नसाल तर मला तिथे फार सुनं वाटेल. ही गेल्यापासून माझं म्हणावं असं माणूस तुम्हीच उरला आहात. हे कधी बोललो नव्हतो. तुम्ही समोर असता तर आताही बोललो नसतो.

तुमचा दीर

१९ मे

भाऊजी,

आधी डोळे पुसा. मी पुसले.

मी कुठेही जात नाही. पुतण्याला कळवलं की दुकान उघडतंय, तुझी अट पुरी झाली. तो म्हणाला, टेम्पोवाल्याला नाही कसं सांगू, आगाऊ ठरवलंय. मी म्हटलं, नाही कशाला सांगतोस? त्याला काकांच्या दारात पाठव. डबे भर, काकांना पुढे बसव आणि इकडे आण. तो हसला. किती दिवसांनी हसला. तो स्वतः बरोबर येणार आहे, पोती उचलायला. तेव्हा पंचवीस तारखेला तयार राहा आणि कानात ते यंत्र घाला. कपाटात ठेवायला घेतलेलं नाही.

आता डब्याचं. माझा डबा मी मुद्दाम पाठवला नाही.

मला महिन्याचं भरून नको. महिन्याचं घरात आलं की माणूस महिनाभर दाराबाहेर पडत नाही. मी तुम्हाला लिहिलं होतं ना, पडले तेव्हा शेजारची माणसं होतीच? नव्हती. सकाळी पडले. मशीनचा पाय धरून उठायला बघितलं, जमेना. हाका मारल्या, बाहेर वारा होता. संध्याकाळी एकजण पॅन्ट न्यायला आला तेव्हा त्याने दार ढकललं. तोवर तिथेच होते, फरशीवर. पुतण्याला हे माहीत नाही, आणि तुम्ही सांगायचं नाही.

शेठ होते तेव्हा मी रोज सकाळी जायची. एक भाजी, कधी दोन अंडी, कधी नुसतंच बोलायला. एकदा तापाने गेले नाही तर दहा वाजता ते स्वतः दारात उभे, हातात तराजूचं वजन तसंच. म्हणाले, आज बाई आल्या कशा नाहीत? दुकान गेलं तेव्हा भाजी गेली हे सगळ्यांना दिसलं. हे गेलेलं कुणाला दिसलं नाही. मी फरशीवर पडले होते त्या दिवशी अख्ख्या गावात माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. भुकेपेक्षा ते वाईट होतं, भाऊजी. फार भीती वाटली मला.

म्हणून मी तुमची महिन्याची गिऱ्हाईक होणार नाही. मी रोज येणार. एका दिवसाचं घेणार, भाजी उलटीपालटी करून बघणार, कटकट करणार. आणि एखाद्या दिवशी दहा वाजेपर्यंत आले नाही, तर हातातलं टाकून, शटर अर्धं ओढून, सरळ माझ्या दाराशी यायचं.

वहिनी